हायब्रिड मोटारीतील दुसरी बॅटरी

हायब्रिड मोटारीत दोन बॅटऱ्या असतात, आणि त्यांपैकी जिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही ती १२ व्होल्टची लहान बॅटरी उतरली, तर शेकडो व्होल्टची मोठी बॅटरी पुरेशी भरलेली असूनही मोटार जागची हलत नाही. मोठ्या बॅटरीचे आयुष्य आणि ती बदलण्याचा खर्च हा अशी मोटार घेऊ पाहणाऱ्यांच्या काळजीचा नेहमीचा विषय असतो. प्रत्यक्षात मोटार अचानक मुकी होण्यामागे पुष्कळदा लहान बॅटरीच असते. ती अशक्त झाल्याची खूण मात्र जुन्या मोटारींप्रमाणे सरळ दिसत नाही, त्यामुळे मोठा बिघाड झाल्याचा समज होऊन तपास भलत्याच दिशेने जाऊ शकतो. हा गोंधळ कशामुळे होतो, तो साध्या मापनाने कसा सोडवता येतो आणि बॅटरी बदलताना काय पाहावे लागते, हे समजण्यासाठी दोन्ही बॅटऱ्यांमधील कामाची वाटणी आधी लक्षात घ्यावी लागते.

दोन बॅटऱ्यांची कामे

टोयोटाची प्रियस ही मोठ्या प्रमाणावर उत्पादित झालेली पहिली हायब्रिड मोटार डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीस आली, आणि २००३ मध्ये आलेल्या तिच्या दुसऱ्या पिढीची रचना या विषयाचे उदाहरण म्हणून सोयीची आहे. या मोटारीच्या मागच्या आसनामागे निकेल-मेटल हायड्राइड प्रकारची मुख्य बॅटरी असते. तिच्यात प्रत्येकी १.२ व्होल्टचे १६८ घट, म्हणजे विद्युतरासायनिक कप्पे, एकामागोमाग एक जोडलेले असल्यामुळे एकूण विद्युतदाब २०१.६ व्होल्ट होतो. चाके फिरवणारी विद्युत मोटर याच बॅटरीवर चालते. पेट्रोल इंजिन सुरू करण्याचे कामही हीच बॅटरी दुसऱ्या एका मोटर-जनित्रामार्फत करते, म्हणून या मोटारीला वेगळा १२ व्होल्टचा स्टार्टर, ज्याला आपल्याकडे ‘सेल्फ’ म्हणतात, नसतो, आणि पट्ट्यावर फिरून लहान बॅटरी भरणारा आल्टरनेटरही नसतो.

असे असताना १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी कशासाठी ठेवावी लागते, याचे उत्तर सुरक्षिततेच्या रचनेत आहे. मोटार बंद असताना २०१.६ व्होल्टची बॅटरी बाकीच्या यंत्रणेपासून पूर्ण तोडलेली असावी लागते, जेणेकरून अपघातात किंवा दुरुस्तीच्या वेळी नारिंगी रंगाच्या जाड तारांमध्ये प्राणघातक दाब राहू नये. हे तोडण्या-जोडण्याचे काम मुख्य रिले करतात. रिले म्हणजे लहान प्रवाहाने चुंबक जागवून मोठ्या प्रवाहाची वाट उघडणारा किंवा बंद करणारा स्विच. या रिलेंना मिटण्यासाठी लागणारा प्रवाह मोठ्या बॅटरीकडून घेता येत नाही, कारण ती त्या क्षणी तोडलेली असते, आणि म्हणून तो १२ व्होल्टच्या बॅटरीकडूनच यावा लागतो.

चालकाने ब्रेक दाबून पॉवरचे बटण दाबले, की प्रथम लहान बॅटरीच्या जोरावर मोटारीतील नियंत्रक संगणक जागे होतात आणि आपापल्या भागाची तपासणी करतात. त्यानंतर एक रिले रोधकातून, म्हणजे प्रवाह अडवणाऱ्या घटकातून, इन्व्हर्टरमधील कॅपॅसिटर सावकाश भरू देतो आणि मग मुख्य जोडणी पूर्ण होते. फलकावर ‘रेडी’ हा शब्द उमटला म्हणजे हा क्रम यशस्वी झाला असे समजावे. त्या क्षणापासून डीसी-डीसी कन्व्हर्टर, म्हणजे उंच दाबाचा एकदिश प्रवाह उतरवून सुमारे १४ व्होल्टवर आणणारे उपकरण, दिवे, पंखा, संगणक यांना वीज पुरवते आणि लहान बॅटरीही भरत राहते. इंजिन बंद असले तरी मोटार ‘रेडी’ स्थितीत असेपर्यंत हा पुरवठा चालू असतो. बटण दाबून केवळ संगीत ऐकण्यापुरती मोटार जागी ठेवली असेल, तर मात्र सारा भार लहान बॅटरीवरच पडतो.

सर्वच मोटारींची रचना अशी नसते. भारतात २०१५ नंतर सियाझसारख्या गाड्यांतून ‘स्मार्ट हायब्रिड’ या नावाने जी सौम्य हायब्रिड प्रणाली आली, तिच्यात उंच दाबाची बॅटरी नसते आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवर इंजिन फिरवण्याचा भारही पडतो. याउलट ह्युंदाईच्या आयोनिक हायब्रिडमध्ये शिसे-आम्ल बॅटरी काढून १२ व्होल्टचे लिथियम घट मुख्य बॅटरीच्याच पेटीत बसवलेले आहेत. २०२२ मध्ये भारतात आलेल्या होंडा सिटी ई:एचईव्ही, टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड व्हिटारा यांच्या पूर्ण हायब्रिड आवृत्त्या मात्र प्रियसप्रमाणेच दोन बॅटऱ्यांच्या तत्त्वावर चालतात.

अशक्तपणा लपून का राहतो

साध्या पेट्रोल मोटारीचे इंजिन फिरवताना बॅटरीला काही क्षण शंभर ते दोनशे ॲम्पियर इतका प्रवाह द्यावा लागतो, त्यामुळे बॅटरी थकू लागली की सेल्फ जड फिरतो, सकाळी दोनतीनदा किल्ली फिरवावी लागते, आणि बॅटरी पूर्ण निकामी होण्यापूर्वी आठवडा-दोन आठवडे तरी मालकाला सूचना मिळते. हायब्रिडमध्ये लहान बॅटरीकडून मागितला जाणारा प्रवाह याच्या तुलनेत पुष्कळ कमी असतो. परिणामी क्षमतेचा मोठा भाग गमावलेली बॅटरीदेखील रोज मोटार निमूटपणे जागी करत राहते, आणि विद्युतदाब एका मर्यादेखाली गेला की एखाद्या दिवशी सगळेच एकदम थांबते.

थांबण्यापूर्वीची लक्षणे विस्कळीत असतात. संगणकांना पुरेसा दाब मिळाला नाही तर ते अर्धवट सुरू होतात, एकमेकांचे संदेश त्यांना मिळत नाहीत, आणि मग फलकावर ब्रेक, स्टिअरिंग, हायब्रिड प्रणाली अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या इशाऱ्यांचे दिवे एकाच वेळी लागतात. रिले मिटतो आणि लगेच सुटतो, त्यामुळे टकटक असा आवाज येत राहतो. स्मार्ट किल्ली कधी ओळखली जाते, कधी नाही. मोटार ‘रेडी’ होण्याऐवजी नुसतेच दिवे लागून राहतात. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये चालकाचे दार उघडताच ब्रेकमधील दाब तयार करणारा पंप क्षणभर चालतो, आणि त्याच वेळी आतले दिवे ठळकपणे मंदावत असतील तर ती थकलेल्या बॅटरीची बोलकी खूण मानता येते. या मोटारीत पार्किंगची कडीदेखील विजेवर चालत असल्यामुळे बॅटरी पूर्ण उतरल्यावर गिअर ‘पार्क’मधून काढता येत नाही, म्हणून मोटार ढकलून बाजूला घेणेही अशक्य होते.

हे दिवे पाहून मोठी बॅटरी गेली असा निष्कर्ष काढण्याची चूक सहज होते. मुख्य बॅटरीतील खरा ऱ्हास संगणकात ‘पी-शून्य-ए-ऐंशी’ यासारख्या विशिष्ट दोषसंकेताने नोंदला जातो, तर लहान बॅटरीच्या अशक्तपणातून प्रणालीचा दाब कमी असल्याचे किंवा दोन संगणकांमधील संपर्क तुटल्याचे संकेत मोठ्या संख्येने उमटतात. असे संकेत एकाच वेळी अनेक भागांत दिसत असतील, तर त्या भागांकडे वळण्यापूर्वी त्या सर्वांना वीज पुरवणाऱ्या समान स्रोताची तपासणी करणे तर्काला धरून असते. लहान बॅटरीचा दाब मोजायला पाच मिनिटे आणि एक साधा मल्टिमीटर पुरतो, म्हणून तपासणीच्या क्रमात ते मापन सर्वांत आधी आले पाहिजे.

बॅटरी थकते कशी

शिसे-आम्ल बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ मध्ये तयार केली आणि तिचे मूळ रसायनशास्त्र आजही तेच आहे. शिशाच्या डायऑक्साइडची धन पट्टी, सच्छिद्र शिशाची ऋण पट्टी आणि त्यांच्यामध्ये विरल गंधकाम्ल अशा रचनेचा एक घट सुमारे २.१ व्होल्ट देतो, आणि असे सहा घट मिळून आपण ज्याला १२ व्होल्ट म्हणतो तो दाब तयार होतो. बॅटरी वीज देत असताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट साचते आणि भरताना ते पुन्हा विरघळते. पण बॅटरी दीर्घकाळ अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहिली, तर या सल्फेटचे कठीण स्फटिक बनतात, जे भरताना सहज विरघळत नाहीत. या क्रियेला सल्फेशन म्हणतात आणि तिने बॅटरीची साठवणक्षमता कायमची घटते.

दुसरा शत्रू उष्णता होय. तापमान सुमारे १० अंश सेल्सिअसने वाढले की बॅटरीतील ऱ्हासाच्या रासायनिक क्रिया अंदाजे दुपटीने वेगवान होतात, असा स्थूल नियम मानला जातो. त्यामुळे ज्या विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेथे उन्हात उभ्या राहणाऱ्या मोटारीची बॅटरी थंड हवेतील बॅटरीपेक्षा लवकर थकणे स्वाभाविक असते.

तिसरे कारण न वापरता उभी राहिलेली मोटार हे आहे. कुलूप लावलेल्या मोटारीतही किल्लीचा शोध घेणारी यंत्रणा, घड्याळ आणि चोरीचा इशारा देणारे उपकरण थोडा प्रवाह घेतच असतात. हा प्रवाह ३० मिलिॲम्पियर धरला, तर दिवसाला ०.७२ ॲम्पियर-तास आणि ३० दिवसांत सुमारे २२ ॲम्पियर-तास वीज खर्च होते. ॲम्पियर-तास म्हणजे एक ॲम्पियर प्रवाह एक तास दिल्यावर खर्च होणारा साठा. ४५ ॲम्पियर-तासांची नवी बॅटरी महिनाभरात जवळजवळ अर्धी रिकामी होते, आणि निम्मी क्षमता गमावलेली जुनी बॅटरी तेवढ्याच काळात पूर्ण उतरते. नंतर बसवलेला डॅशकॅम किंवा वाहनाचा माग काढणारे उपकरण कायम चालू राहत असेल, तर हा काळ आणखी कमी होतो.

निदानाचा क्रम

पहिले मापन विश्रांतीच्या अवस्थेतील दाबाचे असते. मोटार काही तास बंद ठेवून मल्टिमीटर एकदिश दाबाच्या मापनावर लावावा आणि त्याच्या दोन टोकांनी बॅटरीचे धन व ऋण टर्मिनल यांच्यातील दाब वाचावा. नुकत्याच चालवलेल्या मोटारीत पट्ट्यांच्या पृष्ठभागावर तात्पुरता जादा दाब राहतो आणि आकडा फसवा येतो, म्हणून घाई असेल तर आधी मिनिट-दोन मिनिटे समोरचे दिवे लावून तो उतरवावा. १२.७ व्होल्ट किंवा त्याहून थोडा अधिक दाब म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे साधारण तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव भरलेली, असे समजतात. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये मीटर नसतानाही हा आकडा पाहता येतो, कारण पडद्याजवळचे ‘इन्फो’ बटण दाबून धरून पार्किंगचे दिवे तीनदा चालू-बंद केले की तपासणीची पाने उघडतात आणि त्यांपैकी एकावर बॅटरीचा दाब दिसतो.

मात्र विश्रांतीतील दाब बॅटरी किती भरलेली आहे एवढेच सांगतो, तिच्यात किती साठा मावतो ते सांगत नाही. म्हणून दुसरी चाचणी भाराखाली घ्यावी लागते. मोटार ‘रेडी’ न करता समोरचे दिवे आणि पंखा चालू करावा आणि दाब पाहत राहावे. निरोगी बॅटरीचा दाब थोडा उतरून स्थिर राहतो, तर थकलेल्या बॅटरीचा दाब एक-दोन मिनिटांतच ११ व्होल्टच्या आसपास घसरतो. कार्यशाळेतील इलेक्ट्रॉनिक परीक्षक बॅटरीचा अंतर्गत रोध मोजून हेच उत्तर अधिक नेमके देतो, परंतु त्यात बॅटरीचा प्रकार आणि तिचा निर्धारित आकडा योग्य भरला नाही तर चांगली बॅटरीही नापास ठरू शकते.

तिसऱ्या पायरीत मोटार ‘रेडी’ करून तोच दाब पुन्हा मोजतात. तो १३.५ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान चढला, तर कन्व्हर्टर आपले काम करत आहे. तो १२ च्या आसपासच अडकला असेल, तर दोष बॅटरीत नसून कन्व्हर्टरमध्ये, त्याच्या फ्यूजमध्ये किंवा सैल अथवा गंजलेल्या जोडणीत असण्याचा संभव अधिक, आणि अशा वेळी बॅटरी बदलूनही मोटार काही दिवसांत पुन्हा थांबते.

चौथी पायरी शंका उरल्यास घ्यावी. बॅटरी पूर्ण भरून, तारा सोडवून, रात्रभर ठेवली आणि सकाळी तिचा दाब १२.४ च्या खाली आढळला, तर ती साठा धरून ठेवत नाही हे सिद्ध होते. उलट ती सुटी असताना उत्तम टिकते पण मोटारीत बसवल्यावर उतरते, तर मोटारीतील एखादा भाग गुपचूप वीज खात आहे. त्यासाठी ऋण तारेच्या मार्गात ॲम्पियरमापक जोडून, दारे बंद करून, संगणक झोपी जाईपर्यंत थांबून प्रवाह पाहतात. साधारणपणे तो ५० मिलिॲम्पियरच्या आत असावा. तो जास्त असेल तर एकेक फ्यूज काढून प्रवाह कोणत्या शाखेत घटतो ते शोधता येते.

तात्पुरता उपाय

बॅटरी उतरलेल्या अवस्थेत मोटार जागी करण्यासाठी दुसऱ्या १२ व्होल्टच्या स्रोताची थोडी मदत पुरते. बॅटरी डिक्कीत असलेल्या प्रियसमध्ये डिक्कीचे दारही विजेनेच उघडते, म्हणून बॉनेटखालील फ्यूजपेटीत लाल झाकणाखाली एक धन टोक यासाठीच दिलेले असते. किल्लीच्या आत लपवलेल्या धातूच्या पात्याने चालकाचे दार उघडून, बॉनेट उचलून, मदतीची धन तार या टोकाला आणि ऋण तार इंजिनाजवळच्या रंग नसलेल्या भक्कम धातूला जोडावी. धन आणि ऋण यांची अदलाबदल मात्र येथे अतिशय महागात पडते, कारण त्यातून मुख्य फ्यूजच नव्हे तर कन्व्हर्टर आणि संगणकही जळू शकतात. हायब्रिडच्या लहान बॅटरीवरून दुसऱ्याची साधी मोटार सुरू करून देणेही टाळावे, कारण सेल्फला लागणारा मोठा प्रवाह देण्यासाठी ही व्यवस्था बनवलेलीच नाही.

मोटार ‘रेडी’ झाल्यावर ती तासभर तशीच ठेवली किंवा चालवली तर बॅटरी काही प्रमाणात भरते. या स्थितीत इंजिन आपोआप सुरू होऊ शकते, म्हणून बंद गॅरेजमध्ये मोटार अशी ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक असतो.

योग्य बॅटरीची निवड

येथे आकार आणि किंमत एवढेच पाहून चालत नाही. प्रवासी बसतात त्याच पोकळीत किंवा डिक्कीत बसवायची बॅटरी एजीएम प्रकारची असते; या प्रकारात आम्ल मोकळे नसून काचतंतूंच्या चटईत शोषलेले असते आणि भरताना निर्माण होणारे वायू बहुतांशी आतच पुन्हा पाण्यात बदलतात. तरीही प्रमाणाबाहेर भरल्यास हायड्रोजन बाहेर पडतो आणि हवेत त्याचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवर गेले की तो पेट घेऊ शकतो, म्हणून अशा बॅटरीला एक छोटी नळी जोडून तो वायू मोटारीबाहेर सोडलेला असतो. नळी जोडण्याची सोय नसलेली आणि मोकळे आम्ल असलेली स्वस्त बॅटरी केवळ मापात बसते म्हणून डिक्कीत ठेवणे धोक्याचे ठरते. ज्या मोटारीत ही बॅटरी बॉनेटखाली असते, तेथे हे बंधन सैल असू शकते; अंतिम शब्द त्या मोटारीच्या पुस्तिकेचा.

प्रियसच्या मूळ बॅटरीवर ‘एस ४६ बी २४ आर’ असा जपानी मानकाचा संकेत असतो. त्यातील ४६ हा कार्यक्षमतेचा क्रमांक, ‘बी’ हा रुंदी व उंचीचा गट, २४ ही सेंटिमीटरमधील स्थूल लांबी आणि शेवटचे अक्षर धन-ऋण टोकांची बाजू दाखवते. हे अक्षर चुकले तर तारा पोहोचत नाहीत किंवा ताणून उलट जोडल्या जाण्याचा धोका निर्माण होतो. टर्मिनलच्या खुंटीची जाडीही जुळली पाहिजे, कारण बारीक खुंटीसाठी बनवलेली पकड जाड खुंटीवर ठोकून बसवली तर ती चिरते आणि सैल राहिली तर गरम होते.

बदलण्याची कृती

हे काम १२ व्होल्टच्या बाजूचे असल्यामुळे नारिंगी तारांना किंवा मुख्य बॅटरीच्या झाकणाला हात लावण्याचे काहीच कारण नसते, आणि प्रशिक्षणाशिवाय तो लावूही नये. मोटार पूर्ण बंद करून स्मार्ट किल्ली काही मीटर दूर ठेवावी, म्हणजे ती जवळ असल्यामुळे संगणक जागे होणार नाहीत. मग काही मिनिटे थांबावे. डिक्की उघडी राहील अशी व्यवस्था करणे अगत्याचे आहे, कारण बॅटरी सुटल्यावर दार आपटून बंद झाले तर ते पुन्हा विजेने उघडत नाही, आणि आतून हाताने कडी सोडवण्याची खटपट करावी लागते.

प्रथम ऋण टर्मिनलचा नट सैल करून तार बाजूला घ्यावी. मोटारीचा सारा सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असल्याने, धन टोक आधी सोडताना पाना चुकून पत्र्याला टेकला तर थेट शॉर्ट सर्किट होते. ऋण आधी सोडले की हा धोका उरत नाही. त्यानंतर धन तार, वायूची नळी आणि बॅटरी जखडणारी पट्टी काढून बॅटरी सरळ उचलावी. नवी बॅटरी बसवण्यापूर्वी तिचा दाब मोजून घ्यावा, कारण दुकानात महिनोन्महिने पडून राहिलेली बॅटरी अर्धी रिकामी असू शकते. तशी असल्यास एजीएमसाठी योग्य असलेल्या चार्जरने कमी प्रवाहावर भरावी, आणि सल्फेट फोडण्याच्या नावाखाली १५ व्होल्टच्या वर जाणारी पद्धत वापरू नये. बसवताना क्रम उलटा असतो: पट्टी, नळी, धन तार आणि सर्वांत शेवटी ऋण तार. टर्मिनल हाताने फिरणार नाही इतके घट्ट करावे, परंतु शिसे मऊ असल्यामुळे जोर अति लावू नये.

यानंतर मोटार ‘रेडी’ करून दाब १३.५ ते १४.५ च्या दरम्यान चढतो हे पाहिले म्हणजे काम पूर्ण झाल्याची खात्री होते. घड्याळ आणि रेडिओच्या नोंदी पुन्हा लावाव्या लागतात, आणि एका स्पर्शाने उघडमीट होणाऱ्या खिडक्यांना त्यांची वरची मर्यादा पुन्हा शिकवावी लागते. जुने दोषसंकेत पुसून मोटार काही दिवस चालवावी. जे संकेत पुन्हा उमटत नाहीत ते कमी दाबातून आलेले होते, आणि जे उमटतात त्यांचा शोध आता कोणत्याही संभ्रमाशिवाय घेता येतो.

काढलेली बॅटरी भंगारवाल्याला देऊन मोकळे होणे योग्य नाही. उघड्यावर ती फोडून शिसे वितळवले जाते तेव्हा विषारी धूर आणि आम्ल आसपासच्या वस्तीत जाते, व लहान मुलांच्या मेंदूला शिशाची बाधा सर्वाधिक होते. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचे पुनर्चक्रण करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, त्यामुळे नवी बॅटरी घेतानाच जुनी विक्रेत्याला परत देऊन तिचे मोल वजा करून घेणे कायद्याला धरून आहे आणि ग्राहकाच्या सोयीचेही.

बॅटरी तीन-चार वर्षांची झाली की दर सहा महिन्यांनी, विशेषतः उन्हाळा संपताना, विश्रांतीतील दाब आणि भाराखालील घसरण मोजून तारखेसह नोंदवून ठेवावी. एखादा सुटा आकडा सांगत नाही ते उतरत जाणारी आकड्यांची ओळ सांगते, आणि जी पूर्वसूचना साध्या मोटारीत सेल्फच्या जड आवाजातून मिळत असे, ती हायब्रिडच्या मालकाला या नोंदीतूनच मिळवावी लागते.